पुढच्या तपासणीची तारीख

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, मी 31 वर्षांची असून न्यूरॉलॉजीचे प्रशिक्षण पूर्ण व्हायला मला आठ महिने उरले आहेत. चार महिन्यांपूर्वी ओपीडीत 19 वर्षांचा एक मुलगा आला. चालताना तोल जातो आणि बोलणे जड झाले आहे, ही तक्रार घेऊन तो सहा वर्षे निरनिराळ्या डॉक्टरांकडे फिरला होता. मला फ्रीडराइख अटॅक्सिया या तोल आणि हालचाल हळूहळू बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराची शंका आली आणि जनुकीय तपासणीत ती खरी ठरली. निदान सांगितल्यावर त्याच्या आईने ‘आता पुढे काय?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ‘काही त्रास वाढला तर दाखवायला या,’ असे म्हणून मी त्यांना निरोप दिला आणि नंतर एकटीच रडत बसले. सोबत त्याची 14 वर्षांची बहीण होती. तिच्याकडे मला बघवेना. तेव्हापासून अशाच दुर्मीळ, मज्जासंस्था हळूहळू झिजवणाऱ्या आजारांच्या संशोधनात आयुष्य घालवावे असे वाटते आहे. माझे वरिष्ठ म्हणतात, ‘रुग्ण मोजके, निधी तुटपुंजा, उपचार नाहीत. पक्षाघाताकडे वळ.’ एका प्रयोगशाळेत तीन वर्षांची जागा मिळते आहे, पण तिथे काम फक्त उंदरांवर; त्या काळात रुग्ण तपासायचे नाहीत अशी अट आहे. घरचे विचारतात, ‘आणखी किती वर्षे शिकणार?’ आणि निदान सांगून जी स्वतःच कोसळते, तिने या वाटेला जावे का, हा माझा मलाच पडलेला प्रश्न आहे.

उत्तर

तुम्ही या क्षेत्रात जावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र प्रयोगशाळेतील ती जागा ‘रुग्ण तपासायचे नाहीत’ या अटीसह घेऊ नये, असेही माझे तितकेच स्पष्ट मत आहे. या दोन्ही मतांमागची कारणे देण्याआधी तुमच्या वरिष्ठांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

रुग्ण मोजके असतात, हे खरे आहे. युरोपात 10,000 लोकांमागे पाचांहून अधिक जणांना होत नाही असा आजार दुर्मीळ मानला जातो आणि आपल्या क्षेत्रातील बहुतेक आजार या मर्यादेच्याही बरेच खाली असतात. परंतु मोजक्या रुग्णांमधून मिळालेले ज्ञान मोजक्यांपुरतेच राहते, हा समज चुकीचा आहे. गॉशे हा चरबीसारख्या द्रव्याच्या विघटनातील दोषामुळे होणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार घ्या. त्याच्या काही रुग्णांना आणि त्यांच्या काही नातेवाइकांना कंपवाताची लक्षणे दिसतात, हे अमेरिकेतील डॉक्टर एलेन सिद्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण तपासताना टिपले. नातेवाईक तर गॉशेच्या सदोष जनुकाचे केवळ वाहक होते, म्हणजे त्यांना स्वतःला गॉशे नव्हता. पुढे अनेक देशांतील केंद्रांनी मिळून हजारो कंपवातग्रस्तांचे जनुक तपासले आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : कंपवात झालेल्यांमध्ये या जनुकातील बदल आढळण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत पाच पटींहून अधिक होती. आज कंपवाताच्या संशोधनात पेशीतील कचरा साफ करणाऱ्या यंत्रणेवर जो एवढा भर आहे, त्यामागे हा दुवा मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. ‘या रुग्णाचा हात का थरथरतो आहे? हे तर या आजाराच्या वर्णनात नाही,’ असा प्रश्न कोणीतरी केस पेपरवर लिहून ठेवला नसता, तर तो दुवा हाती लागायला आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

निधीबाबत तुमच्या वरिष्ठांशी मी वाद घालणार नाही. स्टॅन्ली प्रुसिनर हे नाव तुम्हाला ठाऊक आहेच. 1972 मध्ये न्यूरॉलॉजीचे प्रशिक्षण घेत असताना त्यांच्याकडे क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदू झपाट्याने झिजवणाऱ्या आजाराची एक रुग्ण आली आणि त्या एका रुग्णामुळे त्यांनी आपल्या संशोधनाचा विषय ठरवला. वाटेत त्यांचा निधी थांबला, कायमस्वरूपी पद मिळणार नाही असेही त्यांना कळवण्यात आले (तो निर्णय नंतर फिरवला गेला), आणि 1982 मध्ये त्यांनी ‘प्रायॉन’ (आजार पसरवणारे प्रथिन) हा शब्द सुचवला तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. 1997 मध्ये नोबेल मिळाले. तरुण डॉक्टरांना हुरूप यावा म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते. मी मात्र ती तुम्हाला सावध करण्यासाठी सांगतो आहे, कारण ज्यांचा निधी थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही, त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात. म्हणून ईएमजी (स्नायूंची विद्युत-तपासणी), फिट्स, अर्धशिशी, पक्षाघात यांसारख्या नित्याच्या कामातील तुमचा हात सुटू देऊ नका. ज्या वर्षी अनुदानाचा अर्ज नाकारला जाईल, आणि असे वर्ष येतेच, त्या वर्षी याच कामावर तुमचे घर चालेल आणि संशोधनही जिवंत राहील. घरच्यांच्या प्रश्नालाही माझ्याकडे एवढेच उत्तर आहे : शिक्षण आठ महिन्यांनी संपते आहे, पुढे नोकरी आहे, फक्त तिच्यातील आठवड्याचे दोन दिवस संशोधनासाठी राखलेले असतील. हे दोन दिवस नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासनातले दोन दिवस पहिल्याच महिन्यात ओपीडीच्या गर्दीत विरघळतात.

‘उपचार नाहीत’ हा तिसरा मुद्दा अर्धवट खरा आहे आणि त्यातील खरा भाग तुम्ही वयाच्या हिशेबात समजून घ्यावा. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे जनुक 1995 मध्ये सापडले आणि पहिले औषध, नुसिनर्सेन, 2016 च्या अखेरीस मंजूर झाले. एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झिजवणाऱ्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारास कारणीभूत असलेले एसओडी1 हे जनुक 1993 मध्ये कळले. त्यावर नेमके काम करणाऱ्या टोफर्सेनला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि तेही एएलएसच्या सुमारे दोन टक्के रुग्णांपुरते. हंटिंग्टन या हालचाल आणि बुद्धी बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा जनुकीय खुणेद्वारे ठावठिकाणा 1983 मध्ये लागला. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांमध्ये नॅन्सी वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे जाऊन गोळा केलेल्या वंशावळी आणि रक्ताचे नमुने त्या शोधाच्या केंद्रस्थानी होते. प्रत्यक्ष जनुक हाती यायला त्यानंतर आणखी 10 वर्षे लागली. त्या जनुकापासून बनणारे सदोष प्रथिन कमी करण्यासाठी तयार केलेल्या टोमिनर्सेनची मोठी चाचणी मार्च 2021 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांना अपेक्षित लाभ दिसत नव्हता. म्हणजे कारण कळल्यापासून औषध मिळेपर्यंत 20 ते 30 वर्षे, आणि तीही नशीब चांगले असेल तर. तुम्ही 31 वर्षांच्या आहात. आज एखाद्या आजाराचे कारण सापडले, तर त्यावरचे औषध तुम्ही स्वतः लिहून द्याल तेव्हा तुमची निवृत्ती जवळ आलेली असेल. मधल्या काळात तुमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण त्या औषधाविना जातील. ‘मी या मुलाला बरे करीन’ या भावनेवर हा प्रवास सुरू केलात, तर पाचव्या वर्षापर्यंत ती भावना संपलेली असेल आणि तुमच्या हाती काहीच उरलेले नसेल.

मग हातात काय असावे? तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी अडखळलो, ते वाक्य इथे पुन्हा आठवते : ‘काही त्रास वाढला तर दाखवायला या.’ तुम्हाला ते रडणे खटकते आहे; मला हे वाक्य खटकते. झिजेच्या आजारात त्रास वाढणारच असतो, प्रश्न फक्त कोणत्या वेगाने आणि कोणत्या क्रमाने एवढाच असतो, आणि हा वेग व क्रम जाणून घेणे हाच आपल्या क्षेत्रातील संशोधनाचा पाया आहे. या कामाला प्रतिष्ठा कमी. शोधनिबंधाच्या शीर्षकात ते दिसत नाही, अनुदान देणाऱ्यांना ते कंटाळवाणे वाटते, आणि तरुण संशोधक ते कनिष्ठांवर सोपवून सूक्ष्मदर्शकाकडे धावतात.

इतिहास मात्र या कंटाळवाण्या कामाच्या बाजूने आहे. फ्रेंच डॉक्टर ज्याँ-मार्टिन शार्को यांनी 1869 च्या सुमारास एएलएसचे जे वर्णन केले, ते त्यांना शक्य झाले याचे एक कारण असे की, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात रुग्ण वर्षानुवर्षे मुक्कामाला असत आणि जिवंतपणी टिपलेली लक्षणे मृत्यूनंतर मज्जारज्जूत दिसणाऱ्या झिजेशी ताडून पाहता येत. आलोइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टमध्ये ऑगस्टे डीटर या 51 वर्षांच्या महिलेला तपासले. पुढे ते स्वतः म्यूनिकला गेले, पण तिची चौकशी करीत राहिले, 1906 च्या एप्रिलमध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथे आपली निरीक्षणे मांडली. त्यांच्या हस्ताक्षरातील नोंदी 1990 च्या दशकात पुन्हा सापडल्या. त्यांत तिला काय दाखवले, काय विचारले आणि तिने नेमके काय उत्तर दिले, हे शब्दशः आहे. ‘स्मृती क्षीण’ अशा दोन शब्दांत त्यांनी काम उरकले असते, तर ती फाइल सापडूनही कोणाला तिचा उपयोग नव्हता.

तुमच्या स्वतःच्या रुग्णाच्या आजाराचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. फ्रीडराइख अटॅक्सियाचे जनुक 1996 मध्ये सापडले आणि ओमाव्हेलॉक्सोलोन हे पहिले औषध फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेत 16 वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मंजूर झाले. त्या औषधाची चाचणी लहान होती. दुर्मीळ आजारात ती लहानच असते. परिणामाला दुजोरा कसा द्यायचा, असा प्रश्न आला तेव्हा औषध घेणाऱ्यांची तीन वर्षांची वाटचाल कोणतेही औषध न घेतलेल्या, तशाच वयाच्या आणि तशाच अवस्थेतील रुग्णांशी ताडून पाहण्यात आली. हे दुसरे रुग्ण आले कुठून? औषध दृष्टिपथातही नसताना काही डॉक्टर वर्षानुवर्षे याच आजाराच्या लोकांना ठराविक कालावधीने बोलावून त्यांचे बोलणे, हातांची हालचाल, उभे राहणे एकाच मोजपट्टीने मोजत आणि लिहीत बसले होते, त्यांच्या नोंदींतून. त्या खोल्यांमध्येही एखाद्या आईने ‘आता पुढे काय?’ असे विचारलेच असेल.

माझी स्वतःची चूक इथे सांगणे भाग आहे. सुरुवातीची कित्येक वर्षे मी केस पेपरवर ‘चाल किंचित अस्थिर’, ‘चाल पूर्वीपेक्षा बिघडलेली’ असे लिहीत असे. माझी एक सहकारी त्याच ओपीडीत जमिनीवर 10 मीटर अंतराच्या दोन पट्ट्या चिकटवून हातात घड्याळ घेऊन उभी राही आणि सेकंद लिही. आम्ही तिची थोडी थट्टाही करीत असू. 11 वर्षांनी एका आजाराच्या वाटचालीचा अभ्यास करायला आम्ही जुने कागद काढले, तेव्हा तिच्या रुग्णांचे आलेख निघाले आणि माझ्या रुग्णांचे काहीच निघाले नाही. त्यांतील बरेच जण तोवर हयात नव्हते. त्यांनी दर सहा महिन्यांनी माझ्यासमोर ती खोली ओलांडण्यासाठी जे कष्ट घेतले, ते माझ्या विशेषणांमुळे वाया गेले. त्याची सल आजही आहे.

मोजणे म्हणजे रुग्णाकडे आकडा म्हणून पाहणे, अशी शंका तुमच्या मनात येईल म्हणून एक प्रसंग. एएलएसमध्ये आपण 12 प्रश्नांची मोजपट्टी वापरतो : बोलणे, गिळणे, लिहिणे, कपडे घालणे, जिना चढणे, श्वास वगैरे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 48. एक शिक्षक माझ्याकडे दर तीन महिन्यांनी येत. त्या दिवशी त्यांनी कागदावर स्वतःचे नाव लिहून दाखवले. अक्षर वाचता येत होते, पण शिरोरेषा मध्येच तुटत होती आणि शेवटचे अक्षर खाली घसरले होते. मी ‘लिहिणे’ या ओळीसमोर चाराऐवजी तीन लिहिले. ते माझ्या पेनकडेच पाहत होते. ‘एक गुण कापलात ना?’ असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. ‘बरोबर आहे. मीही कापला असता,’ असे म्हणून त्यांनी तो कागद स्वतःकडे ओढून पुन्हा एकदा पाहिला. त्यानंतर आजाराबद्दल आम्ही जितके मोकळेपणाने बोललो, तितके आधीच्या दोन वर्षांत बोललो नव्हतो. घसरण होते आहे हे त्यांना माझ्या आधी कळले होते; ती कोणीतरी त्यांच्यासोबत प्रामाणिकपणे पाहते आहे, एवढेच त्यांना हवे होते असे मला वाटते.

प्रयोगशाळेतील जागेबद्दल माझे मत यावरूनच ठरले आहे. उंदरांवरील कामाला मी कमी लेखत नाही. नुसिनर्सेन असो वा टोफर्सेन, प्राण्यांवरील प्रयोगांविना ती औषधे रुग्णापर्यंत आली नसती. परंतु चिकित्सक असलेल्या संशोधकाचे भांडवल म्हणजे रुग्णाकडून सुचलेला प्रश्न. तीन वर्षे रुग्ण न पाहता राहिलात, तर तुम्ही प्रयोगशाळेत तुमच्याहून अधिक तयार असलेल्या शास्त्रज्ञांशी त्यांच्याच मैदानात स्पर्धा कराल आणि ओपीडीत परतलात तेव्हा तिथली नजरही थोडी बोथट झालेली असेल. त्या प्रमुखांना आठवड्यातून एक अर्धा दिवस, केवळ अटॅक्सियाच्या रुग्णांसाठी मागा. नकार मिळाला, तर तो नकार तुम्हाला पुढच्या तीन वर्षांबद्दल बरेच काही सांगून जाईल. होकार मिळाला, तरी सही करण्यापूर्वी त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि ते आता काय करतात, त्यांचा शोधनिबंध त्यांच्याच नावाने छापला गेला का, हे निःसंकोच विचारा. संख्याशास्त्राचा एखादा नेटका अभ्यासक्रमही याच काळात करून घ्या. लहान संख्येच्या चाचण्या कशा आखतात आणि कुठे फसतात, हे ज्याला कळते असा न्यूरॉलॉजिस्ट आपल्याकडे फार दुर्मीळ, आजारांहूनही.

आता तुमच्या रडण्याविषयी. निदान सांगितल्यावर डोळ्यांत पाणी येणे ही या कामाची अपात्रता नव्हे. अपात्रता वेगळ्या ठिकाणी दिसते : अवघड रुग्णाची वेळ नकळत शेवटची ठेवणे, फाइलमध्ये डोके घालून बोलणे, ‘नवीन काहीतरी येते आहे’ असे मोघम आशेचे गाजर दाखवून खोलीतून सुटका करून घेणे. या शेवटच्या प्रकाराबाबत फार कठोर राहा, कारण चाचणीत रुग्ण हवे असलेल्या संशोधकाला हा मोह सर्वांत जास्त होतो. चाचणी म्हणजे उपचार नव्हे, तिच्यात प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ मात्राही मिळू शकते आणि तिचा लाभ कदाचित पुढच्या पिढीला होईल, हे संमतीपत्रावर छापलेले असते. ते तुमच्या तोंडून साध्या भाषेत ऐकू आले पाहिजे. व्यवहाराची एक गोष्ट : असे निदान सांगायचे असेल त्या दिवशी त्यापुढची पंधरा मिनिटे कोणालाही देऊ नका. मी ती खिडकीशी उभा राहून घालवत असे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला ही सवय लावली नसती, तर मी या क्षेत्रात दहा वर्षेही टिकलो नसतो.

त्या बहिणीकडे तुम्हाला बघवले नाही, हे मात्र सोडून देण्यासारखे नाही. हा आजार दोन्ही पालकांकडून आलेल्या दोषामुळे होत असल्याने प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक इतका धोका असतो, हे कुटुंबाला आज ना उद्या कळणारच आहे आणि ते तुमच्याकडून कळणे बरे. याचा अर्थ उद्याच तिचे रक्त घ्यावे असा नाही. ज्या आजाराबाबत बालपणी करण्याजोगे काही नाही, त्याची चाचणी लक्षणे नसलेल्या मुलावर करू नये, ते सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हंटिंग्टन आजाराची खात्रीशीर चाचणी 1993 पासून उपलब्ध असूनही, पन्नास टक्के धोका असलेल्या प्रौढांपैकी बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत, यावरून न जाणण्याची इच्छा किती खोल असू शकते हे लक्षात यावे. फ्रीडराइखमध्ये परिस्थिती थोडी निराळी आहे : औषध आले आहे, हृदयाची देखरेख लवकर सुरू करता येते, त्यामुळे इथे उत्तर तितके ठरीव नाही. मुलीला स्वतःला काही जाणवते आहे का, हे आधी पाहा. मग जनुकीय समुपदेशकाला सोबत घेऊन पालकांशी आणि तिच्या वयाला साजेशा शब्दांत तिच्याशीही बोला. तिच्या डोक्यावरून बोलू नका, ती सगळे ऐकत असते.

राहता राहिला तो मुलगा. चार महिने झाले आहेत. हे उत्तर वाचून झाल्यावर त्याच्या घरी फोन करावा. ‘आता पुढे काय?’ या त्याच्या आईच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते चांगले लांबलचक आहे. ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी करून घ्यायची आहे, कारण या आजारात हृदयाचे स्नायू जाड होतात आणि जिवाला धोका बहुतेकदा तिथूनच असतो. रक्तातील साखर तपासायची आहे. पाठीचा कणा वाकतो आहे का आणि पावलांची कमान वाढली आहे का, ते अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचे आहे. फिजिओथेरपी आणि वाणी-उपचार लगेच सुरू करायचे आहेत. तो 19 वर्षांचा असल्याने औषध अमेरिकेत त्याच्या वयोगटासाठी मंजूर आहे. ते त्याला कुठून आणि कसे मिळू शकेल, ते किती करते आणि किती करीत नाही, हे त्याच्यासमोर बसून सांगायचे आहे. हे सारे एका भेटीत होणार नाही, तेव्हा पहिल्याच भेटीच्या शेवटी सहा महिन्यांनंतरची तारीख त्याच्या हातात लिहून द्या. आणि तो येण्यापूर्वी ओपीडीबाहेरच्या व्हरांड्यात 10 मीटर मोजून दोन पट्ट्या चिकटवून ठेवा.